रात्री दोन वाजता घरात वीज कोण वापरते? वीज कंपनीच्या संकेतस्थळावरील नव्या आलेखाचा अर्थ कसा लावावा?

गोदाकाठ (नाशिक) – प्रश्न

नमस्कार. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या इमारतीतील सर्व वीजमीटर बदलून स्मार्ट मीटर बसवण्यात आले. तेव्हापासून वीज कंपनीच्या संकेतस्थळावर माझ्या ग्राहक क्रमांकाखाली काही नव्या सोयी दिसू लागल्या आहेत. पूर्वी तेथे फक्त बिल पाहता आणि भरता येत असे. आता दर अर्ध्या तासाचा वापर उभ्या स्तंभांच्या आलेखात दिसतो, मागची कोणतीही तारीख निवडून त्या दिवसाचा आलेख काढता येतो, आणि चालू महिन्याची गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलनाही करता येते.

या तुलनेमुळेच मी अस्वस्थ झाले आहे. गेल्या वर्षी डिसेंबरमध्ये आमचा वापर २२६ युनिट होता, या डिसेंबरमध्ये तो ३१८ युनिट झाला. घरात माणसे तीच पाच आहेत, नवे उपकरण कोणतेही घेतलेले नाही, आणि नाशिकच्या थंडीत पंखे तर महिनाभर बंदच आहेत. माझ्या सासऱ्यांचे ठाम मत आहे की नवा मीटर पळतो आणि आपण तक्रार करायला हवी. त्यांचे म्हणणे मला अगदीच चुकीचे वाटत नाही, कारण वाढ मीटर बदलल्यानंतरचीच आहे. तरीही तक्रारीचा अर्ज लिहिण्याआधी आपल्या बाजूने जे तपासता येईल ते तपासावे, असे मी त्यांना सांगितले आहे.

आलेख पाहताना एक गोष्ट खटकली. रात्री एक ते पहाटे पाच या वेळेत, सगळे झोपलेले असताना, दर अर्ध्या तासाला साधारण ०.११ युनिट वापर दिसतो, आणि तो रोज जवळपास तेवढाच असतो. त्या वेळी घरात चालू असतात ते फ्रिज, राउटर, सेट-टॉप बॉक्स, पाण्याचे शुद्धीकरण यंत्र, देवघरातील छोटा एलईडी दिवा आणि इन्व्हर्टर. इन्व्हर्टरची बॅटरी सहा वर्षांची आहे, पण बाबा (माझे सासरे) तिची नीट काळजी घेतात. पूर्वी ते तीन-चार महिन्यांनी तिच्यात डिस्टिल्ड वॉटर घालत असत, आता दर पंधरा दिवसांनी घालतात. गिझर रात्री भिंतीवरच्या बटणावरून बंद असतो, हे मी स्वतः पाहते.

दर अर्ध्या तासाला ०.११ युनिट हा आकडा मोठा आहे की पाच माणसांच्या घरात असा असतोच? आणि दिवसा वीज वापरल्यास सवलत मिळते असे त्याच पानावर लिहिले आहे. त्यासाठी घरातील कामांच्या वेळा बदलणे कितपत उपयोगी ठरेल?

तारयंत्री (सातारा) – उत्तर

ताई, तक्रारीआधी तपास करण्याचा तुमचा विचार अत्यंत योग्य आहे. वीजवितरणाच्या कामात माझी तीस वर्षे गेली. त्या काळात ग्राहकाच्या हातात महिन्याचा एकच आकडा असे आणि त्यावरून कोणालाच काही सांगता येत नसे. तुमच्याकडे आता रोजचे ४८ आकडे आहेत, त्यामुळे हा प्रश्न घरबसल्या सुटू शकतो.

प्रथम आकड्याचा अर्थ पाहू. ०.११ युनिट अर्ध्या तासाचे आहेत, म्हणजे तासाला ०.२२ युनिट. एक युनिट म्हणजे १००० वॉटचा भार तासभर, म्हणून त्या वेळी घर सरासरी २२० वॉट वीज खेचत आहे. हा भार केवळ रात्रीपुरता असण्याचे कारण नाही. दिवसाच्या वापराखाली तो झाकला जातो एवढेच. तो दिवसाचे चोवीस तास आणि महिन्याचे तीस दिवस धरला, तर १५८ युनिट होतात. तुमच्या ३१८ युनिटांपैकी जवळजवळ निम्मा वापर कोणीही बटण न दाबता होत आहे. तुम्ही दिलेल्या यादीत फ्रिजला दिवसाला एक ते सव्वा युनिट लागेल, म्हणजे सरासरी ४० ते ५० वॉट. राउटरचे साधारण १०, सेट-टॉप बॉक्सचे १० ते १५ आणि बाकीचे किरकोळ धरले, तरी बेरीज ८०-९० वॉटच्या पुढे जात नाही. उरलेले १३० वॉट कोठे जातात, हे शोधायचे आहे.

शोधाचे साधन मीटरवरच आहे. मीटरच्या दर्शनी भागावर लाल दिवा लुकलुकतो आणि त्याच्याजवळ एका युनिटला किती लुकलुकी होतात ते छापलेले असते. बहुतेक घरगुती मीटरवर तो आकडा ३२०० असतो, पण आपल्या मीटरवरचाच आकडा वाचून घ्यावा. एका मिनिटातील लुकलुकी मोजाव्या, त्यांना ६० ने गुणावे आणि ३२०० ने भागावे. उत्तर किलोवॉटमध्ये येते. मिनिटाला १२ लुकलुकी झाल्या, तर तो २२५ वॉटचा भार आहे. फ्रिजचा कॉम्प्रेसर मध्येच सुरू आणि बंद होतो, त्यामुळे पहिली मोजणी दहा मिनिटांची करावी, म्हणजे ती आलेखाशी ताडून पाहता येईल.

नंतर एकेक उपकरण बंद करत जावे. येथे एक चूक नेहमी होते. इन्व्हर्टरचा प्लग काढल्यावर त्याच्यावर जोडलेले दिवे आणि राउटर बॅटरीवर चालू लागतात. ते मीटरवरून नाहीसे होतात आणि सगळा दोष इन्व्हर्टरच्या माथी बसतो. म्हणून त्याच्यावरची उपकरणे आधी बंद करावीत, फ्रिजही पाच मिनिटे बंद ठेवावा, आणि इन्व्हर्टर एकटाच चालू असताना मोजणी करावी. सर्वांत शेवटी मीटरनंतरचा मुख्य स्विच बंद करून पाहावा. तो बंद असतानाही दिवा लुकलुकत राहिला, तर मीटर आणि तुमचा स्विच यांच्यामधून दुसऱ्या कोणाची तार गेलेली असू शकते. तसे आढळल्यास स्वतः हात न लावता वीज कंपनीला कळवावे.

आता माझा अंदाज सांगतो. तुम्ही सहज म्हणून लिहिलेले डिस्टिल्ड वॉटरचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. निरोगी बॅटरी भरल्यानंतर फारच थोडा प्रवाह घेते आणि तेव्हा इन्व्हर्टर धरून एकूण खर्च २५-३० वॉटच्या आसपास राहतो. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात. त्यातला एखादा निकामी झाला की बॅटरी ‘भरली’ या अवस्थेपर्यंत कधी पोहोचतच नाही आणि चार्जर तिला दिवसरात्र वीज पुरवत राहतो. ती वीज साठत नाही, तिची उष्णता होते आणि बॅटरीतील पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडतात. पाणी वारंवार घालावे लागते ते यामुळेच. बाबांनी निगा राखण्यात काही कमी केलेले नाही, बॅटरीच जास्त पाणी मागते आहे.

यात पैशांपेक्षा मोठी काळजी आहे. बॅटरीच्या बाजूला हाताचा मागचा भाग लावून पाहा. ती गरम लागत असेल किंवा आंबूस, उग्र वास येत असेल, तर इन्व्हर्टर बंद करा, खिडकी उघडी ठेवा आणि जाणकार कारागिराला बोलवा. बॅटरी देवघराजवळ असेल, तर तोपर्यंत तेथे निरांजन किंवा उदबत्ती पेटवू नका. हायड्रोजन हवेपेक्षा हलका असल्याने उघड्या खोलीत तो निघून जातो, पण बंद कपाटात साठतो आणि एका ठिणगीने पेट घेतो.

जुना ग्राहक (सांगली) – उत्तर

वरील उत्तर अभ्यासपूर्ण आहे, परंतु माझ्या मनात एक शंका राहते. हे सारे गणित मीटरच्या लुकलुकींवर उभे आहे. मीटरच चुकीचा असेल, तर लुकलुकीही चुकीच्याच होतील आणि दोष विनाकारण घरातील उपकरणांवर जाईल. आमच्या गल्लीत नवे मीटर बसल्यावर अनेकांची बिले वाढली आहेत आणि समाधानकारक उत्तर कोणालाही मिळालेले नाही. सामान्य माणसाने मीटरची परीक्षा कशी घ्यावी?

तारयंत्री (सातारा) – उत्तर

शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर मिळण्याचा हक्क ग्राहकाला आहे. घरच्या घरी स्थूल परीक्षा अशी घेता येते. पाणी तापवायचा १००० वॉटचा रॉड घ्यावा, कारण त्याला इस्त्रीसारखे मध्येच बंद होणारे नियंत्रण नसते. बाकी सर्व बंद करून तो पाण्याच्या बादलीत सोडावा आणि मगच चालू करावा. चालू असताना त्या पाण्यात हात घालू नये. ३२०० च्या मीटरवर मिनिटाला सुमारे ५३ लुकलुकी व्हायला हव्यात. मात्र रॉडवरचे १००० वॉट २३० व्होल्टसाठी असतात. दाब २१० व्होल्ट असेल, तर रॉड जेमतेम ८३३ वॉट घेतो आणि लुकलुकी ४४-४५ होतात. मीटरचा पडदा पुढे सरकवला की त्या क्षणाचा दाब दिसतो, तो टिपून ठेवावा. घरगुती स्मार्ट मीटरच्या अचूकतेची ठरलेली मर्यादा अधिक-उणे एक टक्क्याची आहे. रॉडच्या परीक्षेत इतकी बारीक चूक कळणार नाही, पण मीटर २२६ चे ३१८ दाखवत असेल, तर ती लपूही शकणार नाही.

एवढ्याने समाधान झाले नाही, तर मार्ग कायद्यात आहे. वीज ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या केंद्रीय नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली. मीटरचे वाचन प्रत्यक्ष वापराशी जुळत नाही अशी तक्रार ग्राहकाने केल्यास वीज कंपनीने पाच दिवसांत पडताळणीसाठी दुसरा मीटर बसवावा आणि किमान तीन महिने दोन्ही वाचने ताडून पाहावीत, अशी तरतूद त्यात आहे. अर्ज लेखी करावा आणि पोच घ्यावी. तुमच्या गल्लीतील लोकांनी नुसती चर्चा न करता हा अर्ज करावा, असे मला मनापासून वाटते. मीटर बरोबर निघाला तरी तो निष्कर्ष ज्याच्या त्याच्या हातात लेखी येईल.

चौथा मजला (डोंबिवली) – उत्तर

आमच्या अनुभवावरून एक मुद्दा जोडतो. मी आमच्या गृहनिर्माण संस्थेचा सचिव आहे. संस्थेच्या सामाईक मीटरवर जिन्यातील दिवे, लिफ्ट आणि पाण्याचा पंप आहे. सामाईक बिलाबद्दल दर वर्षी सर्वसाधारण सभेत वाद होत असे, आणि दर वेळी चर्चा जिन्यातील दिव्यांवरच येऊन थांबत असे, कारण चालू राहिलेला दिवा सगळ्यांना दिसतो.

अर्ध्या तासाचा आलेख मिळू लागल्यावर मी एक आठवड्याचे आलेख छापून शेजारी शेजारी लावले. रोज पहाटे तीनच्या सुमारास साधारण तासभर पंप चालत होता. आमचा पंप ५ अश्वशक्तीचा आहे, आणि मोटरमधील घट धरता तो तासाला सुमारे साडेचार युनिट घेतो. रात्री अकरा वाजता गच्चीवरची टाकी पूर्ण भरलेली असे आणि पहाटे तीनला पाणी खाली जाऊन स्वयंचलित नियंत्रकाने पंप पुन्हा सुरू होत असे. रात्री चार तासांत एवढे पाणी कोणी वापरत नाही. प्लंबरने दोन दिवस शोध घेतला. टाकीकडून पंपाकडे येणारे पाणी अडवणारा वाल्व झिजला होता आणि टाकीतले पाणी त्याच नळीने पुन्हा जमिनीखालच्या टाकीत उतरत होते. आम्ही तेच पाणी रोज दोनदा वर चढवत होतो. वाल्व बदलला आणि महिन्याला सुमारे १३५ युनिट वाचू लागले. पाणी शेवटी संस्थेच्याच टाकीत परत येत असल्याने पाण्याच्या बिलात काहीही फरक पडला नव्हता. त्यामुळे हा दोष दुसऱ्या कोणत्याही मार्गाने आमच्या लक्षात आला नसता.

जिन्यात हालचाल ओळखणारे दिवे आम्ही नंतर बसवले. त्यांचाही उपयोग झाला, पण एलईडी मुळातच ९-१० वॉटचे असल्याने बचत पंपाच्या तुलनेत फार थोडी होती.

कोवळे ऊन (पुणे) – उत्तर

गोदाकाठ ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते. जून २०२३ मध्ये केंद्राने ग्राहक हक्कांच्या नियमांत बदल करून दिवसाच्या वेळेनुसार वीजदर आणण्याचे ठरवले. राज्याच्या वीज नियामक आयोगाने सौर वीज उपलब्ध असणारे दिवसातील आठ तास ठरवावेत आणि त्या तासांचा दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी असावा, असे त्यात म्हटले आहे. शेतीची जोडणी वगळता घरगुती ग्राहकांसाठी ही पद्धत १ एप्रिल २०२५ पासून, स्मार्ट मीटर बसल्यानंतर, लागू व्हावी अशी तरतूद होती. महाराष्ट्रात महावितरणच्या घरगुती ग्राहकांना, असा मीटर असल्यास, सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर प्रति युनिट ८० पैशांची सवलत १ जुलै २०२५ पासून सुरू झाली. तुमच्या बिलात तिची वेगळी ओळ असेल, ती पाहून खात्री करून घ्या.

मी घरून काम करते, त्यामुळे कपडे धुण्याचे यंत्र, इस्त्री आणि दळण ही कामे दुपारकडे ढकलणे मला जमले. त्याचा हिशेब प्रामाणिकपणे मांडते. मला दिवसाला साधारण तीन युनिट सकाळ-संध्याकाळमधून काढून दुपारी नेता आले. तीन युनिटांना ८० पैशांप्रमाणे २ रुपये ४० पैसे होतात, म्हणजे महिन्याला ७२ रुपये. तुमच्याकडे वाया जाणारे १३० वॉटही दिवसाला तीन युनिटच होतात, पण ते थांबले तर प्रत्येक युनिटाची पूर्ण किंमत वाचते आणि ३०० युनिटांच्या वरच्या महाग टप्प्यातूनही तुम्ही खाली येता. म्हणून आधी गळती थांबवावी आणि वेळा बदलण्याचा विचार नंतर करावा. मुलांची शाळा सातला असेल, तर आंघोळीचे पाणी नऊनंतर तापवण्याचा विचार अजिबात करू नये. पंधरा लिटर पाणी २० अंशांवरून ५० अंशांपर्यंत न्यायला जवळपास अर्धे युनिट लागते, आणि त्यावरील सवलत ४० पैसे होते. चाळीस पैशांसाठी घराची सकाळ विस्कटू नये.

तरीही ज्यांना शक्य आहे त्यांनी दुपारी वीज वापरावी, असे मी आग्रहाने म्हणेन, आणि त्याचे कारण पैशांपलीकडचे आहे. दुपारी सौर वीज भरपूर असते. सूर्य मावळला की तीच मागणी कोळशावर आणि धरणांच्या पाण्यावर येते. कोयनेचा १,९६० मेगावॉटचा प्रकल्प संध्याकाळच्या या चढाला फार उपयोगी पडतो, पण कोयनेचे पाणी मोजके आहे. घाटघरला २५० मेगावॉटचा प्रकल्प आहे. तेथे वीज शिल्लक असताना पाणी वरच्या जलाशयात चढवतात आणि मागणी वाढली की ते खाली सोडून वीज करतात. पाणी चढवताना जेवढी वीज लागते तेवढी परत मिळत नाही, काही घट होतेच. आपण इस्त्री संध्याकाळी सातऐवजी दुपारी दोनला केली, तर त्या घटीशिवाय तेच काम साधते.

एक सावधगिरीही सांगते. अर्ध्या तासाचा आलेख म्हणजे घराची दिनचर्याच असते. तुम्ही गावाला गेलात, घर दुपारी रिकामे असते, आई-बाबा एकटे असतात, हे सगळे त्यावरून ओळखता येते. त्यामुळे तो समाजमाध्यमांवर टाकू नये, संकेतस्थळाचा पासवर्ड कारागिराला किंवा शेजाऱ्याला देऊ नये, आणि ‘वीज वाचवून देतो’ असे सांगणाऱ्या अनोळखी ॲपला खाते जोडू नये.

थेम्सकाठ (रेडिंग, इंग्लंड) – उत्तर

मी मूळचा सांगोल्याचा असून बारा वर्षांपासून इंग्लंडमध्ये राहतो. येथे स्मार्ट मीटर बराच काळ आहेत, त्यामुळे तेथील लोकांना उपयोगी पडतील अशा दोन गोष्टी नोंदवतो.

पहिली गोष्ट, आपला आलेख दर महिन्याला उतरवून स्वतःच्या संगणकावर ठेवावा. येथे पहिल्या पिढीचे मीटर बसवले गेले, तेव्हा ग्राहकाने वीजपुरवठादार बदलला की अनेक मीटरांचे स्मार्टपण संपत असे. मीटर वाचन दाखवत राही, पण अर्ध्या तासाचे आकडे पाठवणे बंद होत असे. पुढे यंत्रणा सुधारली, परंतु मधल्या काळातील आकडे ज्यांनी जपले नव्हते त्यांना ते परत मिळाले नाहीत. तुलना करायची, तर जुने आकडे आपल्याजवळ असायला हवेत.

दुसरी गोष्ट थोडी विस्ताराने सांगतो. २०२२-२३ च्या हिवाळ्यात येथे विजेची मोठी चणचण भासण्याची भीती होती. तेव्हा राष्ट्रीय ग्रिड चालवणाऱ्या संस्थेने एक योजना आणली. संध्याकाळच्या ठरावीक तासात घराने आपला नेहमीचा वापर कमी केला, तर पुरवठादारामार्फत त्याचा मोबदला मिळत असे, आणि वापर खरोखर कमी झाला का हे अर्ध्या तासाच्या आकड्यांवरून ठरत असे. आम्ही भाग घेतला होता. ठरलेल्या तासात मी आणि पत्नीने भांडी धुण्याचे यंत्र, ओव्हन, कपडे वाळवण्याचे यंत्र सर्व बंद ठेवले, तरी आलेख एका पातळीच्या खाली जाईना. शोधल्यावर कळले की गॅरेजमधील जुना फ्रीझर, ज्यात बर्फाशिवाय फारसे काही उरले नव्हते, वर्षानुवर्षे अखंड चालू होता. मिळालेला मोबदला किरकोळ होता, पण तो फ्रीझर कायमचा बंद झाला.

येथे स्मार्ट मीटरबरोबर घरात ठेवायचा एक छोटा पडदाही देतात. त्यावर त्या क्षणाचा वापर दिसतो. केटल लावली की आकडा कसा उडी मारतो, हे मुलेही पाहतात. संकेतस्थळावरील आलेख दुसऱ्या दिवशी पाहिल्याने जो परिणाम होत नाही तो या पडद्याने होतो, असे माझे निरीक्षण आहे. आपल्याकडे तो मिळत नसेल, तर तारयंत्री काकांची लुकलुकी मोजण्याची रीत हा त्याचा बिनखर्चाचा पर्याय आहे, आणि ती मी येथेही करून पाहणार आहे.

गोदाकाठ ताई, तुम्हाला मागच्या तारखा निवडता येतात असे तुम्ही लिहिले आहे. मीटर बसल्याच्या पहिल्या आठवड्यापासून फक्त रात्री दोनचा स्तंभ एकेक दिवस पाहत पुढे या. तो सुरुवातीपासून ०.११ असेल, तर मीटरवरील शंका शिल्लक राहील. तो आधी कमी असून एखाद्या दिवसानंतर वाढला असेल, तर त्या दिवशी घरात काय घडले ते आठवा.

गोदाकाठ (नाशिक) – प्रश्नकर्तीची नोंद, सतरा दिवसांनी

सर्वांचे मनापासून आभार. उशिरा लिहिते आहे, कारण बॅटरी बदलल्यानंतरचे आकडे हातात आल्याशिवाय लिहू नये असे वाटले.

थेम्सकाठ दादांनी सांगितल्याप्रमाणे बाबांना शेजारी बसवून ऑक्टोबरपासूनचा रात्री दोनचा स्तंभ पाहिला. मीटर बसल्यापासून नोव्हेंबरच्या अखेरच्या आठवड्यापर्यंत तो ०.०४ ते ०.०५ होता. मग एका दिवशी सकाळी दहा ते दुपारी चार सगळे स्तंभ शून्य दिसले. बाबांना लगेच आठवले की त्या दिवशी दुरुस्तीसाठी दिवसभर वीज बंद होती आणि इन्व्हर्टरही शेवटी बंद पडला होता. त्या रात्रीपासून स्तंभ ०.११ झाला आणि पुढे एकदाही खाली आला नाही. मीटर आदल्या आणि दुसऱ्या दिवशी तोच होता, हे बाबांनीच बोलून दाखवले.

मग लुकलुकी मोजल्या. आमच्या मीटरवरही ३२०० हाच आकडा आहे. सगळे नेहमीसारखे चालू असताना दहा मिनिटांत ११७ झाल्या, म्हणजे साधारण २१९ वॉट. राउटर, दिवे, सेट-टॉप बॉक्स आणि फ्रिज बंद करून इन्व्हर्टर एकटा ठेवला, तेव्हा मिनिटाला ७ झाल्या, म्हणजे १३१ वॉट. मुख्य स्विच बंद केल्यावर दिवा स्थिर राहिला. बॅटरीची एक बाजू हाताला स्पष्ट गरम लागली. ती देवघराच्या शेजारच्या बोळात, पडद्यामागे होती, आणि सासूबाई रोज तेथून तीन हातांवर निरांजन लावतात. काकांचे ते वाक्य वाचले त्या संध्याकाळी आम्ही दिवा स्वयंपाकघराच्या ओट्यावर लावला.

कारागिराने सहाही कप्प्यांतील द्रावण हायड्रोमीटरने, म्हणजे घनता मोजणाऱ्या नळीने, तपासले. घनता कमी म्हणजे कप्पा भरलेला नाही. पाच कप्प्यांची घनता १.२४ च्या आसपास होती, एकाची १.१० वर होती. सहा तासांच्या खंडात बॅटरी पूर्ण रिकामी झाली आणि आधीच अशक्त असलेला तो कप्पा पुन्हा सावरला नाही, असे त्याने सांगितले. जुनी बॅटरी विक्रेत्याने परत घेऊन तिची किंमत नव्या बॅटरीतून वजा केली. नवी बॅटरी आम्ही हवेशीर बाल्कनीच्या कडेला, देवघरापासून दूर ठेवली आहे. सेट-टॉप बॉक्स आता रात्री बटणावरून बंद करतो.

१३१ वॉटांचे महिन्याला ९४ युनिट होतात, आणि आमची वाढ ९२ युनिटांची होती. हा हिशेब बाबांनी त्यांच्या वहीत स्वतःच्या हाताने मांडला आहे आणि तक्रारीचा अर्ज लिहिलेला कागद त्याच पानाला टाचून ठेवला आहे. गेले आठ दिवस रात्री दोनचा स्तंभ ०.०४ वर आहे. इमारतीतील आणखी दोन घरांत वीज बंद होती त्या दिवसानंतर बिल वाढल्याचे बाबांनी विचारून आणले आहे, आणि रविवारी ते त्यांच्या मीटरसमोर घड्याळ घेऊन उभे राहणार आहेत. त्या दोन्ही घरांतील बॅटऱ्या आमच्यापेक्षा मोठ्या, दोन-दोन जोडलेल्या आहेत. काका, अशा वेळी मोजणीच्या पद्धतीत काही बदल करावा लागतो का, हे रविवारपूर्वी सांगितलेत तर फार बरे होईल.

तारयंत्री (सातारा) – उत्तर

मोजणी तशीच करावी. मात्र दोन बॅटऱ्या एकामागोमाग जोडलेल्या असल्यास तेथे २४ व्होल्ट असतात आणि निरोगी असतानाही खर्च थोडा अधिक दिसतो, त्यामुळे ४०-५० वॉट आढळले तर घाबरू नये. शंभराच्या वर गेले, तर दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या तपासून घ्याव्यात, कारण बहुधा एकच बिघडलेली असते आणि ती दुसरीलाही खराब करते. जोडणी सोडवण्याचे काम कारागिरावरच सोपवावे. बाबांना माझा नमस्कार सांगा, आणि बॅटरीजवळ वाकताना त्यांनी डोळ्यांवर चष्मा ठेवावा.